आरोग्य विम्याचे संरक्षण आणि औषधखर्चाचा भार : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आरोग्याचा विमा असला की आजारपणाचा खर्च विम्यातून भागतो, अशी सर्वसामान्य समजूत आहे. प्रत्यक्षात विमाधारक रुग्णाला औषधांसाठी स्वतःच्या खिशातून पैसे मोजावे लागतात. परभणी जिल्ह्यातील पिवळ्या अथवा केशरी शिधापत्रिकेवर जगणाऱ्या कुटुंबात कोणाच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली, तर शासकीय योजनेतून ती विनामूल्य होऊ शकते. मात्र त्याच कुटुंबातील रक्तदाबाच्या रुग्णाला दरमहा लागणाऱ्या गोळ्या औषधाच्या दुकानातून रोख पैसे देऊनच घ्याव्या लागतात. लाख रुपयांचा खर्च विमा उचलतो आणि काही शे रुपयांचा उचलत नाही, ही विसंगती वरवर पाहता अनाकलनीय वाटते.

या विसंगतीचे स्पष्टीकरण सामान्यतः विमा कंपन्यांचा नफा, औषध कंपन्यांची नफेखोरी किंवा रुग्णांचे अज्ञान यांत शोधले जाते. या कारणांत तथ्यांश असला तरी ती पुरेशी नाहीत. भारतातील आरोग्य विमा कोणत्या क्रमाने घडत गेला, तो कोणासाठी घडविला गेला आणि औषधांच्या किमतींचे धोरण त्याच्यापासून अलग कसे राहिले, हे तपासल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. म्हणूनच हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) १९४८ पासून भारतात आलेल्या प्रमुख आरोग्य विमा योजनांत औषधांना कोणते स्थान होते, हे पाहणे. २) या योजना परभणी जिल्ह्यापर्यंत कोणत्या स्वरूपात पोहोचल्या अथवा पोहोचल्या नाहीत, याचा शोध घेणे. ३) औषध किंमत नियंत्रणाच्या धोरणाचा विमाधारक रुग्णाच्या खर्चाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी कायदे, शासकीय आदेश, समित्यांचे अहवाल व राष्ट्रीय पाहण्या या साधनांचा आधार घेण्यात आला आहे. परभणी जिल्हा म्हणजे १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर राहिलेले परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, पालम, सेलू, जिंतूर व पूर्णा हे नऊ तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ इतकी होती.

औषधासह विमा : जागतिक पार्श्वभूमी

आधुनिक आरोग्य विम्याचा प्रारंभ जर्मनीत १८८३ च्या आजारपण विमा कायद्याने झाला. बिस्मार्कच्या काळातील या कायद्याने कामगाराला डॉक्टरांच्या उपचाराबरोबरच औषधेही देऊ केली होती. ब्रिटनमधील १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यातही औषधांचा समावेश होता. कामगार रुग्णालयात दाखल होण्याची वाट न पाहता आजाराच्या पहिल्या टप्प्यावरच त्याला बरे करावे, म्हणजे तो लवकर कामावर परतेल, हा व्यावहारिक विचार त्यामागे होता. अर्थात औषध हे विम्याच्या मूळ कल्पनेतच अंतर्भूत होते.

औषधाला विम्यातून वगळण्याची परंपरा त्यानंतरची आहे. अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी 'मेडिकेअर' ही योजना सुरू झाली. तिने रुग्णालय व डॉक्टर यांचा खर्च उचलला. परंतु घरी घ्यावयाच्या औषधांचा सर्वसाधारण समावेश तीत नव्हता. त्यासाठीचा स्वतंत्र भाग २००३ च्या कायद्याने मंजूर होऊन १ जानेवारी २००६ पासून अमलात आला. सुमारे चाळीस वर्षे विमाधारक अमेरिकन वृद्ध आपली औषधे प्रामुख्याने स्वखर्चाने किंवा वेगळ्या विम्याच्या आधारे घेत होते. भारतातील आरोग्य विम्याच्या वाटचालीत या दोन्ही परंपरा एकामागून एक दिसून येतात. पहिली औद्योगिक कामगारांसाठी आली आणि दुसरी पुढे सर्वांसाठी विस्तारली.

कर्मचारी राज्य विमा आणि हंगामी कारखान्यांचे अपवर्जन

औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याविषयी प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये अहवाल सादर केला. त्यानंतर १९४६ मध्ये आलेल्या भोर समितीच्या अहवालाने, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे तत्त्व मांडले. अडारकरांच्या विचारातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेस प्रारंभ झाला. कामगार व मालक यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या या योजनेत दवाखान्यातील तपासणी, रुग्णालयातील उपचार आणि औषधे या तिन्हींचा समावेश होता. विमाधारकाला साध्या तापाचे औषधही या योजनेतून मिळू शकत होते. औषधखर्चाच्या दृष्टीने पाहता स्वतंत्र भारतातील हा सर्वांत परिपूर्ण विमा होय.

हा कायदा संमत झाला तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानाचे भारतात विलीनीकरण झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. राजकीय अडथळा अशा प्रकारे दूर झाला, तरी कायद्याच्या व्याख्येतील एक अडथळा कायम राहिला.

कर्मचारी राज्य विमा कायद्यातून हंगामी कारखाने वगळण्यात आले होते. कापसाची सरकी काढणे, कापूस किंवा ताग दाबून गाठी बांधणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, तसेच गूळ व साखर तयार करणे यांसारखी कामेच केवळ ज्या कारखान्यात चालतात, तो कारखाना हंगामी समजण्यात आला. ही यादी वाचताना परभणी जिल्ह्याच्या उद्योगांचीच यादी वाचत असल्याचा भास होतो. सेलू व मानवत या बाजारपेठा कापसासाठी प्रसिद्ध आहेत आणि जिनिंग-प्रेसिंग हा जिल्ह्याचा जुना उद्योग आहे. पुढे उसाचे क्षेत्र वाढल्यावर साखर कारखान्यांची त्यात भर पडली. मुंबईच्या कापड गिरणीत सूत कातणारा कामगार कायद्याच्या कक्षेत आला. त्याच गिरणीला कापूस पुरविणाऱ्या जिनिंगमधील कामगार मात्र कक्षेबाहेर राहिला. हंगाम संपल्यावर मजुराची वर्गणी थांबते आणि अशा खंडित रोजगाराला अखंड विमा देणे प्रशासकीयदृष्ट्या अवघड आहे, हा विचार या अपवर्जनामागे दिसतो. तथापि, मजुराचे आजारपण हंगामी नसते, याचे उत्तर त्या व्याख्येत नव्हते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखान्यांविषयीचे हे अपवर्जन कायम ठेवण्यात आले आहे.

शेतमजूर, अल्पभूधारक शेतकरी व ऊसतोड कामगार तर या कायद्याच्या विचारातच नव्हते. परिणामी, औषधासह येणारा विमा जिल्ह्याच्या बहुसंख्य श्रमिकांपर्यंत पोहोचलाच नाही. जिल्ह्यात याला एक ठळक अपवाद आढळतो. पूर्णा हे महत्त्वाचे रेल्वे जंक्शन असून रेल्वे कर्मचाऱ्यांना रेल्वेच्या स्वतंत्र वैद्यकीय व्यवस्थेतून तपासणीबरोबर औषधेही मिळतात. एकाच गावात रेल्वे कर्मचाऱ्याला रक्तदाबाची गोळी नियोक्त्याकडून मिळावी आणि शेजारच्या शेतमजुराने ती दुकानातून विकत घ्यावी, हा फरक आजाराचा नसून रोजगाराच्या प्रकाराचा आहे.

मेडिक्लेम : विम्याच्या केंद्रस्थानी रुग्णालयातील खाट

१ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण अमलात आले. या व्यवसायातील चार सार्वजनिक कंपन्यांनी १९८६ मध्ये 'मेडिक्लेम' ही पॉलिसी आणली. सामान्य नागरिकाला स्वतः हप्ता भरून घेता येणारा आरोग्य विमा या पॉलिसीमुळे देशभर परिचित झाला आणि पुढील पॉलिसींचा साचाही तिनेच ठरविला. रुग्ण सर्वसाधारणपणे किमान २४ तास रुग्णालयात दाखल असला पाहिजे, ही तिची मुख्य अट होती. दाखल होण्यापूर्वीचे ३० दिवस व घरी गेल्यानंतरचे ६० दिवस यांतील संबंधित खर्च मान्य होत असे. त्यानंतरची औषधे ही रुग्णाची जबाबदारी ठरली.

ही अट केवळ कंजूषपणातून आली नव्हती. विमा हा अनिश्चित व मोठ्या हानीसाठी असतो. अपघात किंवा शस्त्रक्रिया कोणावर ओढवेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून अनेकांच्या हप्त्यातून एकाची हानी भरून काढता येते. मधुमेहाच्या रुग्णाला पुढील महिन्यातही गोळ्या लागणार, हे मात्र निश्चित असते. शिवाय दुकानातील लहान लहान बिले तपासण्याचा प्रशासकीय खर्च बिलाच्या रकमेच्या तुलनेत फार मोठा होतो. खाट मोजता येते, प्रवेशाची व सुटीची तारीख नोंदविता येते. घरी घेतलेल्या गोळीची अशी पडताळणी करणे कठीण असते. अशा रीतीने विम्याच्या व्यवहारात 'आजारी माणूस' याचा अर्थ 'दाखल झालेला माणूस' असा झाला.

शासकीय सेवकांची प्रतिपूर्ती व्यवस्था विमा नसली तरी तिच्यातही हेच तत्त्व आढळते. महाराष्ट्र शासनाच्या १९ मार्च २००५ च्या निर्णयाने खाजगी रुग्णालयातील उपचारांच्या प्रतिपूर्तीसाठी २७ आकस्मिक व ५ गंभीर आजार निश्चित केले. सर्वसाधारण मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या नित्याच्या औषधांचा खर्च या व्यवस्थेच्या बाहेरच राहतो. तेव्हा हा प्रश्न केवळ दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांचा आहे, असे मानता येत नाही. नियमित वेतन घेणारा अध्यापकवर्गही त्यापासून मुक्त नाही.

जीवनदायी ते जन आरोग्य : विस्तार आणि मर्यादा

महाराष्ट्रात १९९७ मध्ये गरीब कुटुंबांसाठी जीवनदायी योजना सुरू झाली. हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा गंभीर आजारांवरील उपचारांपुरतीच तिची व्याप्ती होती. केंद्र शासनाने २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली. तिचे वार्षिक संरक्षण ३०,००० रुपयांचे होते आणि तेही रुग्णालयातील उपचारांसाठीच होते.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा पहिला टप्पा आठ जिल्ह्यांत सुरू झाला. शेजारचा नांदेड जिल्हा त्यात होता, परभणी नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून योजना संपूर्ण राज्यात लागू झाली, तेव्हा परभणीचा तीत समावेश झाला. प्रतिकुटुंब वार्षिक दीड लाख रुपयांचे संरक्षण, ९७२ उपचार व शस्त्रक्रिया आणि १२१ पाठपुरावा सेवा असे तिचे स्वरूप होते. २०१७ मध्ये ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू झाली. मराठवाडा व विदर्भातील ज्या १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही लाभ देण्यात आला, त्यांत परभणीचा समावेश आहे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची पाच लाख रुपये संरक्षणाची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. पुढे २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्याच्या योजनेचा लाभ सर्व शिधापत्रिकाधारकांना व पाच लाखांपर्यंत देण्याचे ठरले.

हा विस्तार मोठा आहे आणि त्याने अनेक कुटुंबांना कर्जापासून वाचविले असणार, यात शंका नाही. परंतु विस्तार तीन अंगांनी झाला : लाभार्थी वाढले, रक्कम वाढली आणि शस्त्रक्रियांची यादी वाढली. औषधाचा कालावधी मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. राज्य योजनेत रुग्णालयातून सुटी झाल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची आणि केंद्राच्या योजनेत पंधरा दिवसांपर्यंतची औषधे पॅकेजमध्ये धरली गेली. पाठपुरावा सेवांमुळे निवडक शस्त्रक्रियांनंतर काही काळ दिलासा मिळतो. तथापि, जो रुग्ण कधी दाखलच झाला नाही, त्याच्या औषधांना या रचनेत जागा नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून या उणिवेचे महत्त्व लक्षात येते. २०१७-१८ मध्ये झालेल्या ७५ व्या फेरीत, मागील १५ दिवसांत आजारी असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ७.५ टक्के होते. तर बाळंतपण वगळता संपूर्ण वर्षात रुग्णालयात दाखल झालेल्यांचे प्रमाण २.९ टक्के होते. त्यापूर्वी २०१४ मध्ये झालेल्या ७१ व्या फेरीनुसार, रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांच्या वैद्यकीय खर्चापैकी ग्रामीण भागात सुमारे ७२ टक्के व शहरी भागात सुमारे ६८ टक्के खर्च औषधांवर झाला होता. ज्या ठिकाणी आजारी माणसे अधिक आणि औषधांचा वाटा सर्वांत मोठा, नेमके तेच ठिकाण विम्याच्या बाहेर आहे.

उदाहरणादाखल, एखाद्या कुटुंबाला दरमहा ८०० रुपयांची औषधे लागत असतील, तर वर्षाला ९,६०० रुपये आणि दहा वर्षांत ९६,००० रुपये होतात. हीच रक्कम एका दिवशी रुग्णालयाच्या बिलात आली असती तर विम्याने दिली असती. ती १२० महिन्यांत विभागून आली, म्हणून विमा तिची दखल घेत नाही.

किंमत नियंत्रण : वेगळी वाटचाल

विमा औषधाला स्पर्श करीत नसेल, तर औषधाची किंमत तरी रुग्णाच्या आवाक्यात असावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. या दिशेने झालेले प्रयत्न विम्याच्या धोरणापासून संपूर्णपणे अलग राहिले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक उद्योग स्थापन झाला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या उत्पादनावरील पेटंट काढून केवळ प्रक्रियेवर ठेवले. त्यामुळे देशी उद्योग वाढला व औषधे स्वस्त झाली. हाथी समितीने १९७५ च्या अहवालात औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली. ती पूर्णत्वास गेली नाही.

१९७९ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली ३४७ मूळ औषधे होती. १९८७ मध्ये ती १४२ वर आणि १९९५ मध्ये ७४ वर आली. म्हणजे ज्या काळात मेडिक्लेमने खाटेपुरता विमा रूढ केला, त्याच काळात नित्याच्या औषधांवरील किंमत नियंत्रण शिथिल होत गेले. रुग्णाच्या दृष्टीने ही दुहेरी माघार होती.

२०१३ च्या आदेशाने अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीला किंमत नियंत्रणाशी जोडले. २०२२ च्या सूचीत ३८४ औषधे आहेत. परंतु कमाल किंमत ठरविण्याचा पाया बदलला. पूर्वी उत्पादनखर्च पाहिला जात असे. आता एक टक्का किंवा अधिक बाजारहिस्सा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढून तीत किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के वाटा मिळविला जातो. बाजारातील किंमतच चढी असेल तर सरासरीही चढीच निघते. शिवाय ही कमाल किंमत घाऊक किंमत निर्देशांकाशी बांधलेली असल्याने २०२२ मध्ये सुमारे १०.७७ टक्के आणि २०२३ मध्ये सुमारे १२.१२ टक्के वाढीस वाव मिळाला. सूचीबाहेरील औषधांना दरवर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढ करता येते.

यात व्यापारी नावाचा प्रश्न मिसळतो. डॉक्टर ब्रँडचे नाव लिहितो, कायद्याने दुकानदाराला स्वतःहून दुसरे औषध देता येत नाही आणि रुग्णाला दोहोंतील साम्य ठाऊक नसते. निवड करणारा एक, विकणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसरा, अशी ही रचना आहे. विमा जर या बिलाचा भागीदार असता, तर स्वस्त औषध लिहिले जावे याकडे त्याने लक्ष दिले असते. विमा अनुपस्थित असल्याने रुग्ण हा एकाकी ग्राहक ठरतो आणि त्याची सौदाशक्ती शून्य असते.

पर्यायी मार्ग : विमा नव्हे, पुरवठा

भारतातच या प्रश्नाला वेगळे उत्तर देण्याचे प्रयत्न झाले आहेत. तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून जेनेरिक औषधांची एकत्रित खरेदी सुरू केली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून शासकीय रुग्णालयांत मोफत औषध योजना राबविली. या दोन्ही राज्यांनी निश्चित स्वरूपाच्या औषधखर्चासाठी विम्याऐवजी पुरवठ्याचा मार्ग निवडला. वर स्पष्ट केलेले विम्याचे तत्त्व पाहता हा मार्ग अधिक सुसंगत वाटतो.

महाराष्ट्रात औषध खरेदीचे काम २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे आणि पुढे २०२३ च्या कायद्यान्वये स्वतंत्र प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले. परंतु उपचार निःशुल्क असणे आणि औषध उपलब्ध असणे या दोन भिन्न बाबी आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या शिल्लक नसतील, तर जिंतूर किंवा पालम तालुक्यातील रुग्णाला निःशुल्क चिठ्ठी घेऊन दुकानातच जावे लागते. २००८ मध्ये आरंभ झालेल्या जनऔषधी केंद्रांतून ब्रँडच्या तुलनेत निम्म्याहून कमी किमतीत औषधे मिळू शकतात. तेथेही खर्च रुग्णाचाच असतो; फक्त तो कमी होतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. १) भारतातील विमा प्रारंभी औषधासह होता. कर्मचारी राज्य विम्याने ते तत्त्व स्वीकारले होते. मात्र हंगामी कारखान्यांच्या अपवर्जनामुळे परभणीसारख्या कापूस-ऊसप्रधान जिल्ह्यातील बहुसंख्य श्रमिक त्यापासून वंचित राहिले. २) २०१३ मध्ये जिल्ह्यात व्यापक विमा आला तो मेडिक्लेमने रूढ केलेल्या खाटकेंद्रित साच्यातून आला. त्यामुळे विमाधारकांची संख्या वाढूनही नित्याच्या औषधांचा खर्च रुग्णावरच राहिला. ३) किंमत नियंत्रण व विमा ही धोरणे परस्परांपासून अलग वाढली आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली नाही. ४) दीर्घकालीन आजारांची औषधे हा अनिश्चित धोका नसून निश्चित गरज आहे, म्हणून तिचे उत्तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून होणाऱ्या नियमित पुरवठ्यात शोधणे अधिक योग्य ठरते.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील नागरिकांच्या खिशातील वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. परंतु सरासरी कमी झाली म्हणून दरमहा औषध विकत घेणाऱ्या कुटुंबाचे बिल कमी झाले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. रक्तदाबाची गोळी पैशाअभावी बंद पडली आणि त्यातून पक्षाघात झाला, तर त्यानंतरचा रुग्णालयातील खर्च विमा देईल. गोळीचा खर्च नाकारून पक्षाघाताचा खर्च उचलणारी ही व्यवस्था रुग्णासाठी घातक आहे आणि शासनाच्या तिजोरीसाठी महागही आहे. परभणी जिल्ह्यातील आरोग्य धोरणाचे यश किती कार्डे वाटली यावर न मोजता, प्राथमिक आरोग्य केंद्रात महिनाभराच्या गोळ्या किती रुग्णांना खंड न पडता मिळाल्या यावर मोजले जाणे आवश्यक आहे.